ट्रक खालून वाचावा

जुना पिकअप ट्रक बघायला गेलं की नजर आधी बॉनेटच्या गोलाईवर जाते. १९४७ ते १९५५ या काळातला शेवरोले ३१००, १९५३ ते १९५६ चा फोर्ड एफ-१००, १९६७ ते १९७२ चा शेवरोले सी-१०, प्रत्येकाला आपापला चेहरा आहे आणि माणूस त्या चेहऱ्यातच अडकतो. रंग, पॉलिश, चकाकणारं बंपर ही विकणाऱ्याची मेहनतही नेमकी तिथेच झालेली असते. म्हणून पहिला अर्धा तास ट्रककडे उभ्याने बघूच नये. जुने कपडे घालावेत. चांगला टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर, मऊ फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक आणि जमिनीवर अंथरायला मोठा पुठ्ठा एवढं सामान घेऊन ट्रकच्या पोटाखाली शिरावं. तो चारही चाकांवर, सपाट जागेत, चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून ठोकळे) लावून उभा असावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये.

खालून सुरुवात करायची कारणं दोन. इंजिन कितीही थकलेलं असलं तरी ते पुन्हा बांधता येतं: बोअर मारता येतो, बेअरिंगं बदलता येतात, व्हॉल्व्ह बसवता येतात. हे सगळं मापाचं काम आहे आणि माप ठरलेलं असतं. गंजलेल्या पत्र्याचं तसं नाही. केबिनचा पत्रा एकावर एक दुमडलेला, आतून पोकळ, जागोजागी स्पॉट वेल्डिंगने जोडलेला असतो. एक कोपरा कापला की आतला दुसरा थर सापडतो, तोही गेलेला असतो, आणि कामाचा अंदाज दर आठवड्याला वाढत जातो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पिकअप ओझं वाहायला जन्मलेला असतो. दगड, माती, चारा, खताची पोती, मागे जोडलेले ट्रेलर अशी कामं त्याने वर्षानुवर्षं केलेली असतात आणि त्या कामाची नोंद खालीच राहते. वरचा रंग कितीदाही बदलता येतो. खालचा इतिहास पुसायला कुणी सहसा बसत नाही.

आधी मागचे पाटे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बघावेत. रिकाम्या ट्रकचे पाटे थोडेतरी वर कमानदार हवेत. ते सरळ झाले असतील किंवा उलटे झुकले असतील, आणि अ‍ॅक्सलच्या वरचे रबरी ठोकळे चिरडलेले असतील, तर त्या ट्रकने क्षमतेपेक्षा जास्त भार बराच काळ वाहिला आहे. मग चेसिसमध्ये भेगा शोधायच्या. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे रिव्हेटने बसवलेले असतात ती जागा, मागच्या अ‍ॅक्सलवरून चेसिस जिथे वर उचलली जाते ते वळण, आणि पुढे स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवतीचा भाग, या तीन जागा टॉर्चच्या तिरप्या उजेडात सावकाश तपासाव्यात. भेग बहुतेकदा एखाद्या भोकाच्या कडेपासून निघते. नंतर कुणीतरी ट्रेलरचा हुक किंवा बर्फ लोटायचं पातं बसवायला चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीत भोकं पाडली असतील, तर त्या प्रत्येक भोकावर संशय घ्यावा. भार मुख्यतः त्या दोन पट्ट्या पेलतात, उभी बाजू नव्हे. म्हणून जाणकार भोक पाडायचं तर उभ्या बाजूत पाडतो. त्या पट्टीवर आडवं वेल्डिंग असेल तर आणखी जपून. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या लोखंडाचा पोत बदलतो आणि पुढची भेग वेल्डिंगच्या बाजूलाच पडते.

गंज बघायचा तो कानाने. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिसवर हळू ठोकत जावं. निरोगी लोखंड खणखणतं, पोखरलेलं बद्द आवाज देतं. जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर रिव्हेट केल्या आहेत तिथे बारकाईने बघायला हवं, कारण फटीत साठलेल्या ओलीने धरलेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि फुगून पट्ट्या एकमेकींपासून दूर ढकलतो. रिव्हेटच्या आजूबाजूला पट्टी लाटेसारखी दिसली की आत पापुद्रे सुटलेत असं समजावं. वरचा गंज तारेच्या ब्रशने निघतो, त्याला घाबरायचं कारण नाही. आणि खालून सगळीकडे ताजा काळा डांबरी थर फासलेला दिसला, तर तो लावायची घाई कुणाला आणि का होती, असं थेट विचारावं. चेसिस तिरकी झाल्याची शंका असेल तर दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांतून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा कराव्यात आणि कर्ण मोजावेत. दोन कर्णांत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर मी तो ट्रक अपघातातला धरतो.

केबिनचा गंज ठरलेल्या जागी सुरू होतो. मागचे खालचे कोपरे, दारांखालचे पोकळ उंबरठे, पायाशी असलेल्या रबरी मॅटखालची जमीन, केबिन चेसिसवर जिथे बसते ते बैठकीचे ठोकळे, आणि छपराच्या कडेची पन्हळ. कोपरेच का जातात हे कळलं की शोधणं सोपं होतं. काचेच्या खाचेतून आणि सांध्यांतून आत गेलेलं पाणी दुहेरी भिंतीत उतरतं, खाली पाणी जायची भोकं असतात ती धुळीने बुजतात, आणि ती ओली माती वर्षभर पत्र्याला चिकटून बसते. बाहेर रंगावर बुडबुडे दिसायला लागतात तेव्हा आतला थर बहुधा संपलेला असतो. मॅट उचलूच नका असं विकणारा म्हणाला, तर तिथेच हात जोडून निघावं.

दार अर्धं उघडून त्याची मागची कड दोन्ही हातांनी वर उचलून बघावी. नुसतं दार बिजागरीत हललं तर पिना झिजल्यात, त्या बदलता येतात. पण बिजागरीसकट खांब हलला तर गंज खांबाच्या मुळाशी पोचला आहे, आणि ते महिन्यांचं काम आहे.

लोहचुंबक खालच्या अर्ध्या भागावर फिरवत न्यावं. जिथे ते धरत नाही तिथे लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. कारखान्यातला रंग साधारण १०० ते २०० मायक्रॉन भरतो, एकदा पुन्हा रंगवलेला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि आकडा हजाराच्या पुढे गेला की खाली लांबीचा थर आहेच. लांबी असणं वाईट नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरचा पातळ थर प्रामाणिक काम असतो. भोकावर जाळी लावून वर थापलेली लांबी ही फसवणूक, आणि ती एका पावसाळ्यात उघडी पडते.

हौद्याबद्दल मात्र मी फार कडक नाही. जुन्या ट्रकांत हौद्याला लाकडी फळ्या आणि मधून लोखंडी पट्ट्या असत. फळ्या कुजलेल्या असतील तर नव्या बसवता येतात. पाहायचं ते फळ्यांखालचे आडवे लोखंडी तुळवे आणि फाळक्याच्या बिजागऱ्या. याला एक अपवाद आहे. १९६१ ते १९६३ या काळात फोर्डने काही एफ-१०० मध्ये केबिन आणि हौदा एकसंध केले. त्यांच्यामध्ये फट नाही. अशा ट्रकवर जास्त भार पडून चेसिस वाकली तर त्याचा ताण थेट दाराच्या चौकटीवर येतो. तो घेताना हौद्यात वजन ठेवून दारं सहज उघडतात-मिटतात का ते बघावंच.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. ट्रकवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक अंकागणिक जुळायला हवा. जुन्या काळी काही ठिकाणी नोंदणी इंजिनाच्या क्रमांकावर होत असे. पुढे इंजिन बदललं आणि कागद तसेच राहिले, असे ट्रक आजही सापडतात. शेवरोलेत क्रमांकाची पट्टी दाराच्या खांबावर असते, म्हणजे केबिन बदलली की क्रमांकही तिच्याबरोबर जातो. त्या काळच्या फोर्डच्या चेसिसवर मात्र क्रमांक ठोकलेला असतो. जुळत नसेल तर नोंदणी कार्यालयाकडून आधी लेखी उत्तर घ्यावं, पैसे नंतर. इंजिन मूळचं आहे का हे शेवरोलेत ओतकामाच्या तारखेवरून ताडता येतं. ब्लॉकवर उठावाचं एक इंग्रजी अक्षर आणि आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, नंतर दिवस, आणि शेवटी वर्षाचा शेवटचा अंक. ही तारीख ट्रक बांधला त्याच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर इंजिन बदललेलं आहे.

आता बॉनेट उघडायला हरकत नाही. त्याआधी इंजिनाला हात लावून बघावा. ते थंड असलं पाहिजे, आणि आपण येण्यापूर्वी चालू करून ठेवू नका असं विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं. थकलेलं इंजिन गरम असताना बरेच दोष लपवतं. डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्यावा. पातळी खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास असेल तर यांत्रिक फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो, आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरून बेअरिंगं खातं. ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच काढावं आणि आत थर्मोस्टॅट आहे का विचारावं. गाडी गरम होते म्हणून तो काढून टाकायची जुनी सवय आहे, त्यामुळे त्याचं नसणं हीच मोठी बातमी.

चालू केल्यावर धुराचा रंग बघायचा. वेग वाढवताना निळा धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना आला तर व्हॉल्व्हचे गाइड. पांढरा, गोडसर वासाचा आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजावं: सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे देऊन. आकडा किती यापेक्षा आकड्यांतला फरक महत्त्वाचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांखाली नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं आणि आकडा चढला, तर दोष रिंगांचा. चढला नाही तर व्हॉल्व्हचा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर मधलं हेड गॅस्केट फुटलेलं असतं. हे काम अर्ध्या तासाचं आहे, आणि ते करू द्यायला नकार देणाऱ्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

ऑइल प्रेशरचा काटा वाचताना इंजिन कोणतं ते माहीत हवं. १९५३ पर्यंतच्या बहुतेक हलक्या शेवरोले ट्रकांत २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरी इंजिन असे. त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना दाबाने ऑइल मिळत नाही. रॉडच्या टोकाचे छोटे चमचे ऑइलच्या पन्हळीत बुडतात आणि ऑइल उडवून घेतात. त्याच्या प्रेशर गेजची पट्टीच जेमतेम ३० पौंडांपर्यंत (दर चौरस इंचाला) असते आणि १५ पौंड दाखवणं हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण. १९५४ पासून आलेल्या २३५ घनइंचाच्या इंजिनात रॉडनाही दाबाने ऑइल मिळू लागलं. त्याला १५ चा नियम लावला तर भलतंच इंजिन घरी येईल. तिथे गरम इंजिनावर दर हजार फेऱ्यांमागे १० पौंड हा जुना हिशेब धरावा. २१६ ला लोक उगाच नावं ठेवतात. सांभाळून, मध्यम वेगात चालवलं तर ते खूप टिकतं. फक्त त्याला हमरस्त्यावर तासन्‌तास पळवायचं नाही.

विजेचं थोडंसं. शेवरोले १९५५ च्या सुरुवातीपर्यंत आणि फोर्ड १९५५ पर्यंत ६ व्होल्टचे होते, आणि त्या फोर्डमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॅटरी उलटी जोडणाऱ्यांची संख्या कमी नाही, म्हणून गेज, वायरी आणि रेग्युलेटर नीट बघावेत. ६ व्होल्टचं इंजिन आळसट फिरतं अशी तक्रार असते, तिचं कारण बहुधा केबल. अर्ध्या व्होल्टेजला तीच ताकद मिळवायला दुप्पट करंट लागतो, आणि कुणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल घातलेली असते. जाड केबल आणि घासून स्वच्छ केलेला अर्थिंगचा जोड, एवढ्याने बरेच ट्रक सुधारतात. डायनामो असेल तर इंजिन मंद चालताना अ‍ॅमीटरचा काटा उणेकडे झुकतो. तो दोष नव्हे, डायनामोचा स्वभाव आहे.

पुढचं चाक जॅकने उचलून, खाली स्टँड देऊन, वरून आणि खालून धरून हलवावं. हललं तर दोष चाकाच्या बेअरिंगचा की किंगपिनचा (चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचा) हे कसं ओळखायचं? दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. ब्रेकने ड्रम आणि मागची पाटी एकजीव होतात. हलणं थांबलं तर बेअरिंग, तसंच राहिलं तर किंगपिन. स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढायला बॉक्सचा स्क्रू आवळून ठेवलेला असतो, म्हणून चाकं उचललेली असतानाच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं. ते कुठे जड झालं किंवा अडकलं तर स्क्रू जास्त आवळून दोष झाकलेला असू शकतो.

ब्रेकच्या बाबतीत भीड नको. १९६७ पूर्वीच्या बहुतेक ट्रकांत ब्रेकचं एकच सर्किट असतं. एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. पॅडल जोरात दाबून मिनिटभर धरावं. हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडर किंवा कुठेतरी गळती. ब्रेक सोडल्यावरही एखादं चाक अडकून राहत असेल तर रबरी होज आतून सुजलेला असू शकतो. तो तेल आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. पाऊण टन आणि एक टन क्षमतेच्या ट्रकांत चाकांच्या रिमकडे लक्ष द्यावं. त्या अनेक तुकड्यांच्या, लॉक रिंग असलेल्या असतील तर अशा टायरमध्ये आपल्या हाताने हवा भरायची नाही. रिंग निसटली तर माणूस मरतो. ते काम पिंजरा असलेल्या टायरवाल्याचंच.

चालवून बघताना पहिल्या गिअरने हैराण होऊ नये. शेवरोलेच्या चार गिअरच्या जड बॉक्समध्ये, एसएम-४२० मध्ये, पहिला गिअर ७ ला १ आहे. तो चिखलातून भार ओढायला आहे आणि त्याला सिंक्रो, म्हणजे गिअर खडखडाट न होता जुळवणारी कडी, नाही. रोज निघायचं ते दुसऱ्या गिअरवर. मात्र दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप बाहेर उडत असेल तर बॉक्स उघडावा लागणार.

वेगाचा हिशेब ट्रक घेण्याआधीच करून ठेवावा, कारण निराशा तिथे होते. अ‍ॅडव्हान्स डिझाइन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, १९४७ ते १९५५ च्या अर्धा टनी शेवरोलेचं मागच्या डिफरन्शियलचं गिअर प्रमाण ४.११ ला १ आहे. २८ इंची टायर धरला तर मिनिटाला २२०० फेऱ्यांना तो ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास असतो, आणि ९५ गाठायला जवळपास ३००० फेऱ्या लागतात. त्या आवाजात फार काळ कुणी बसत नाही. वेगळं डिफरन्शियल बसवावं म्हटलं तर १९५४ पर्यंत मागच्या चाकांकडे ताकद नेणारा शाफ्ट एका बंद नळीत आहे आणि ती नळीच अ‍ॅक्सलचा जोर पुढे गाडीला पोचवते, म्हणून एक बदललं की सगळंच बदलावं लागतं. ज्याला रोज लांबचा रस्ता कापायचा आहे त्याने सरळ १९६७ नंतरचा ट्रक बघावा. १९७१ पासून सी-१० ला पुढे डिस्क ब्रेकही आहेत.

अर्धवट सुधारलेला ट्रक आणि हात न लागलेला थकलेला ट्रक यांत मी नेहमी दुसरा निवडेन. सुटे भाग खोक्यात भरून दिलेल्या ट्रकमध्ये एकही खोकं पूर्ण नसतं. कुठला बोल्ट कुठला हे ज्याने सोडला त्यालाच माहीत असतं आणि तोही विसरलेला असतो. फोर्ड आणि शेवरोलेचे बहुतेक भाग नव्याने बनतात. इतर कंपन्यांच्या ट्रकांचं इंजिन सुधारता येतं, पण पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, दारांची हँडलं आणि वळणदार काच सहसा मिळत नाही. सपाट काच कुणीही कापून देतो. १९५६ च्या एफ-१०० ची वळसा घालणारी दर्शनी काच त्या पिढीत त्या एकाच वर्षी होती, म्हणून तिला तडा आहे का ते आधी बघावं.

ट्रक घेतला की चालवत नेऊ नये, ट्रेलरवर न्यावा. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० पूर्वीचा आहे, नक्षी कितीही खोल दिसो. पहिल्या आठवड्यात ब्रेकचे सगळे होज, सगळी द्रव्यं आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलाव्यात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर आतून खातं, आणि बऱ्याच ट्रकांत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागेच असते. केबिनमध्ये पेट्रोलचा वास ही जुन्या गाडीची ओळख नव्हे, गळती आहे. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो असतील तर जीएल-४ दर्जाचं ऑइल घालावं. जीएल-५ मधली रसायनं पितळ खाऊ शकतात. व्हॉल्व्हची फट मोजून लिहून ठेवावी. शिशाविना पेट्रोलवर व्हॉल्व्हच्या जुन्या मऊ बैठका (सीट) झिजल्या तर ती फट वाढत नाही, कमी होत जाते.

चाकं काढताना आणखी एक गोष्ट. जुन्या डॉजमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. हे न कळल्याने लांब पान्यावर उभं राहून स्टड तोडले जातात. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर आहे का बघावं, आणि असेल तर नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सोडावा.

पन्नास-साठ किलोमीटर चालवून झाल्यावर नट पुन्हा आवळावेत आणि पहिल्या दिवशीचा तोच पुठ्ठा रात्रभर ट्रकखाली अंथरून ठेवावा. सकाळी त्यावरचे डाग वाचायचे. इंजिनाखाली तपकिरी पातळ डाग असेल तर ऑइल. मागच्या अ‍ॅक्सलखाली घट्ट आणि गंधकाच्या वासाचा असेल तर डिफरन्शियल. रेडिएटरखाली हिरवट, गोडसर वासाचा आणि बोटाला चिकट लागला तर कूलंट. हे तिन्ही डाग पेन्सिलीने गोल करून तारीख टाकावी आणि महिन्याभराने पुन्हा बघावं. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरच्या सावलीत, फिकट तेलकट डाग दिसला तर मात्र महिना थांबायचं नाही. ते ब्रेकचं तेल आहे, आणि ड्रम त्याच दिवशी उघडायचा.